दीर्घकालीन शेअर गुंतवणूक : कथांचा बाजार आणि नागपूर

कंपनीच्या धंद्यातला वाटा म्हणून शेअर घेऊन तो अनेक वर्षे सांभाळणे म्हणजे दीर्घकालीन गुंतवणूक. बाजार नफ्यापेक्षा कहाणीवर चालू लागला की ती सर्वांत अवघड होते. दलालांच्या बोलीत या कहाणीला ‘स्टोरी’ किंवा ‘थीम’ म्हणतात. कधी आयटी, कधी वीज, कधी संरक्षण. कहाणी बहुधा खोटी नसते, पण आपल्यापर्यंत पोचेस्तोवर ती भावात धरलेली असते, म्हणजे शेअर आधीच महागलेला असतो.

एके काळी शेअर सांभाळणे आपोआप घडे. विकायचा तर हस्तांतरणाचा फॉर्म भरा, सही जुळवा; नाही जुळली की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून कागद परत. त्यामुळे नागपूरच्या इतवारी-महालातल्या घरांतून शेअरची प्रमाणपत्रे कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली वर्षानुवर्षे पडून राहत. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यामुळे डीमॅटचा, म्हणजे शेअर कागदाऐवजी खात्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीने ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. आता धरमपेठेत चहा घेता घेता मोबाइलवर शेअर विकता येतो. कागदांमुळे राहणारा धीर आता ज्याचा त्याने धरायचा.

मात्र नुसता धीर पुरत नाही. जानेवारी 2008 मध्ये रिलायन्स पॉवर या वीज कंपनीच्या भागविक्रीला, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकण्याला, सुमारे 73 पट मागणी आली. विदर्भाने भारनियमन सोसलेले असल्याने विजेची कहाणी इथे कुणाला समजावून सांगावी लागली नाही. 450 रुपयांना दिलेला शेअर 11 फेब्रुवारीला, बाजारातल्या नोंदणीच्याच दिवशी, 372.50 रुपयांवर बंद झाला. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स 8 जानेवारी 2008 च्या 20,873 वरून 9 मार्च 2009 ला 8,160 वर आला आणि 2010 च्या दिवाळीत पुन्हा 21,000 च्या वर बंद झाला. रिलायन्स पॉवरचा शेअर मात्र सावरला नाही. 2020 मध्ये तो दोन रुपयांच्याही खाली होता. बुटीबोरीत कंपनीचा 600 मेगावॅटचा प्रकल्प खरोखर उभा राहिला, तरीही. निर्देशांकातून पडलेल्या कंपन्या काढल्या जातात, आपल्या डीमॅट खात्यातल्या आपोआप निघत नाहीत.

याच्या उलट उदाहरण शहरातलेच. 1995 मध्ये नागपुरात सुरू झालेली सोलर इंडस्ट्रीज 2006 मध्ये बाजारात नोंदली गेली. खाणींना लागणारी स्फोटके हा तिचा मूळ धंदा. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथल्या माणसाला उमरेडच्या खाणी पाहून ही मागणी समजत होती. संरक्षणाची थीम बरीच नंतर आली. ती भावात चढल्यावर शेअर घेणाऱ्याने पुढच्या किती वर्षांचा नफा आजच मोजून देतो आहोत, हे तपासायला हवे.

म्हणून जाणकार रोजचा भाव सोडून वार्षिक अहवाल वाचतात. कर्ज वाढले का, नफा रोखीत येतो का, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, आपले शेअर तारण ठेवले का, एवढे तरी दरवर्षी बघावेच.

23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळला. अशा वेळी घराच्या हप्त्याचा पैसा शेअरमध्ये अडकला असेल तर चांगला शेअरही पडेल भावाने विकावा लागतो. त्यामुळे दोन-चार वर्षांत लागणारी रक्कम, मग ती मुलीच्या फीची असो की वर्धा रोडवरच्या फ्लॅटची, आधी बँकेत वेगळी काढायची. शेअरचा विचार त्यानंतर.