ओसीआयचा अर्ज परत का येतो: सरेंडर सर्टिफिकेट, नावातला फरक आणि ते तीन महिने

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की भारतात ड्युअल सिटिझनशिप नाही. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, आणि त्यावर ‘ओव्हरसीज सिटिझन’ छापलंय म्हणून भलेभले फसतात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तुम्ही स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं आपोआप संपतं, त्यासाठी कुठे सही करावी लागत नाही. ओसीआय हा फक्त आयुष्यभराचा व्हिसा. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसाहक्काने आली तर गोष्ट वेगळी).

पात्रता सोपी आहे: २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर कधी तुम्ही भारताचे नागरिक होतात, किंवा आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी होतं. पण तुम्ही स्वतः किंवा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल तर अर्ज चालत नाही. जोडीदार मूळचा परदेशी असेल तर लग्न रजिस्टर झालेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं, नुसते लग्नाचे फोटो आणि पत्रिका पुरत नाहीत.

आता जिथे गाडी अडते ते. सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात ठेवून दिलाय, मुदतही संपलीय, मग आता काय जमा करायचं, असं म्हणून लोक थेट ओसीआयचा फॉर्म भरतात आणि तो परत येतो. मुदत संपली तरी पासपोर्ट जमा करून सर्टिफिकेट घ्यावंच लागतं, हे काम आधी उरका. या सर्टिफिकेटच्या फॉर्ममध्ये परदेशी नागरिकत्व मिळाल्याची तारीख विचारतात, तिथे नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवरची (नागरिकत्व मिळाल्याच्या दाखल्यावरची) तारीख घाला, नव्या पासपोर्टवरची नाही, दोन्हींत कधीकधी काही महिन्यांचा फरक असतो. आणि त्या तारखेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास झाला असेल तर दंड लागतो, लपवू नका, पासपोर्टात शिक्के असतात. पासपोर्ट हरवला असेल तर पोलिसात तक्रार आणि अ‍ॅफिडेव्हिट लागतं, त्याला वेळ जातो म्हणून आजच सुरुवात करा.

दुसरं, नाव. आपल्याकडे हा त्रास जास्तच. जुन्या पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं, आणि परदेशी पासपोर्टात मधलं नाव गायबच. माझ्या ओळखीतल्या एका मावशींचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं, माहेरचं आडनाव असलेला जन्मदाखला, सासरचं असलेला जुना पासपोर्ट आणि मधलं नाव नसलेला नवा. तीनदा चकरा झाल्या, दर वेळी नवीनच कागद मागितला. अहो, एकदाच सगळी यादी सांगायला काय जातं? शेवटी लग्नाचा दाखला आणि ‘ही तिन्ही नावं माझीच’ असं अ‍ॅफिडेव्हिट जोडल्यावर काम झालं. तुम्ही हे दोन्ही पहिल्याच खेपेला जोडा.

बाकी फॉर्म ऑनलाइन, पार्ट ए आणि पार्ट बी. परदेशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. फोटो चौकोनी, सही आडवी, रुंदी उंचीच्या तिप्पट, मोबाईलवर काढलेला उभा फोटो तसाच टाकला की सिस्टीम घेत नाही. लहान मुलांसाठी आई-वडील दोघांचीही सही लागते, एक जण दूर राहत असेल तर आधीच सोय करा. परदेशातून अर्ज केला तर सरकारी फी २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये, अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा.

राहिले ते तीन महिने. पासपोर्ट बदलला की कार्डही बदलायचं असं समजून लोक उगाच पैसे भरतात. एप्रिल २०२१ पासून नियम असा आहे: वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी कार्ड घेतलं असेल तर वीस पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टवर एकदाच कार्ड री-इश्यू करायचं. वीस वर्षांचे होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला आणि पन्नास पूर्ण झाल्यावर एकदा, नवा पासपोर्ट आणि फोटो फक्त अपलोड करायचा, तोही फुकट. तीन महिने आहेत ते या अपलोडसाठी, आणि ते नवा पासपोर्ट मिळाल्यापासून मोजायचे. जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यांना मात्र हे अपलोड दर नव्या पासपोर्टला करावं लागतं, सोबत लग्न टिकून असल्याचं डिक्लरेशन.