खातेवही बँकेची, माहिती खातेदाराची

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचे चालू खाते असो वा अमळनेरच्या शेतकऱ्याचे बचत खाते, सरकारी अधिकाऱ्याने उतारा मागितला की शाखेत एकच प्रश्न पडतो: द्यायचा का? उत्तर पत्रावर कोणते कलम लिहिले आहे, यात असते.

१८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा मुळात बँकांच्या सोयीचा. चोपड्या कोर्टात वाहून न्याव्या लागू नयेत म्हणून प्रमाणित नक्कल पुरावा मानली गेली. पण त्यातच खातेदारालाही आडोसा मिळाला: बँक पक्षकार नसेल, तर खास कारणासाठी कोर्टाचा हुकूम झाल्याखेरीज वह्या हजर करण्याची सक्ती नाही. इंग्लंडमधल्या टूर्निए खटल्याने १९२४ मध्ये गुप्तता हे बँकेचे कर्तव्य ठरवले आणि चार अपवाद ठेवले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे हित, खातेदाराची संमती. भांडणे बहुतेक पहिल्यावरूनच होतात.

अमेरिकेत १९७६ च्या मिलर निकालाने कागद बँकेकडे गेले की त्यांवरचा घटनात्मक हक्क सुटला, असे म्हटले. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने १९८६ च्या दुरुस्तीने मुद्रांक कायद्याचे कलम ७३ असे काही रुंद केले, की कलेक्टरने नेमलेली कोणीही व्यक्ती बँकेत शिरून कागद तपासू शकेल. कॅनरा बँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते रद्द केले. खासगीपणा माणसाचा असतो, जागेचा नाही, हे तेव्हा ठरले. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या पुट्टस्वामी निकालाच्या तेरा वर्षे आधी.

म्हणून सरकारचे हात बांधले गेले असे मात्र नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३३(६) ने बँकेकडून माहिती मागवता येई. चौकशी सुरू नसेल तर वरिष्ठांची मंजुरी लागे. पोलिसांसाठी नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, कलम ९४ आहे, त्यातही १८९१ च्या कायद्याला बाधा येणार नाही असे लिहिले आहे. शिवाय बचत खात्यात वर्षात १० लाख वा त्याहून जास्त रोख भरली, की बँक न विचारताच प्राप्तिकर खात्याला कळवते. कापसाचे पैसे रोखीने भरणाऱ्याने विक्रीच्या पावत्या आणि सातबारा म्हणूनच जपावा. कळवणे म्हणजे आरोप नव्हे, पण विचारणा होऊ शकते.

चूक बहुधा शाखेतच होते. फोनवर मागितले आणि व्हॉट्सॲपवर धाडले, किंवा तीन महिन्यांचा उतारा मागितला असता तीन वर्षांचा दिला. पत्रावर कलम, सही, खाते क्रमांक आणि कालावधी हे चारही हवेत, आणि दिलेल्या नकलेची पोच फाइलला लावायला हवी.