‘सरकारी होस्टेल’ म्हणजे नक्की कोणतं भो?

बारावीचा निकाल लागला की आमच्या साक्रीकडे जो तो एकच विचारतो, पोराच्या होस्टेलचं काय झालं? पोरगा म्हणतो, भरला ना फॉर्म. कोणता भरला हे कोणी विचारत नाही आणि घोळ तिथेच होतो, कारण धुळे-जळगावला ‘सरकारी होस्टेल’ या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

एक म्हणजे सरकारी कॉलेजचं स्वतःचं होस्टेल. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, मेडिकलला असतं ते, बहुतेक कॅम्पसमध्येच. तुमची सीट त्याच कॉलेजात पाहिजे, फी भरायची, मेसचे पैसे वेगळे. दुसरं शासकीय वसतिगृह, ते कॉलेजचं नसतंच मुळी, ते बहुतेक समाजकल्याणचं नाहीतर आदिवासी विकास विभागाचं. तिथे एकाच खोलीत तीन कॉलेजांची तीन पोरं सापडतील, राहायचं भाडं नाही, जेवणाचा खर्च सरकारचा, वर थोडाफार निर्वाह भत्ता. (आदिवासी वसतिगृहांत 2018 पासून बऱ्याच ठिकाणी मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायला लागले, त्यावरून तेव्हा पोरांनी मोर्चेही काढले होते.)

ओळखायची सोपी खूण सांगतो. तिथला साहेब कोण ते विचारा. ‘रेक्टर’ म्हणाले तर कॉलेजचं, ‘गृहपाल’ म्हणाले तर वसतिगृह. आमच्याकडे तरी ही खूण कधी चुकली नाही.

माझ्या गावच्या दोस्ताने ॲडमिशनच्या फॉर्मवर ‘होस्टेल पाहिजे’ ला टिक केली आणि निवांत बसला, त्याला वाटलं वसतिगृहाचंही यातच झालं. कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही, वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म वेगळा असतो हे कळेपर्यंत तारीख गेली होती, मग सहा महिने कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या एका खाटेचं भाडं भरून, एका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काढले गड्याने. मे महिन्यात खान्देशात पारा 44-45 ला जातो, पत्र्याखाली काय होत असेल ते बघा, रात्री ओलं टॉवेल अंगावर टाकून झोपायचा. तर फॉर्म दोन, ते दोन्ही वेगवेगळे भरायचे, एकीकडची यादी दुसरीकडे कोणी बघत नाही.

आणि वसतिगृह फुकट आहे म्हणून सगळ्यांनाच मिळतं असंही नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात 80 टक्के जागा अनुसूचित जातीच्या पोरांना, बाकीच्या थोड्या जागांत इतर मागास, भटके, दिव्यांग, अनाथ अशी वाटणी. यादी मार्कांवर लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आधी काढून ठेवा, जूनमध्ये सेतूला रांग लावू नका. आदिवासी विकासचं बघायचं तर प्रकल्प कार्यालयात जावं लागतं, जळगाव जिल्ह्याचं ते यावलला आहे, जळगावात नाही, यातही लोकांची एक चक्कर फुकट जाते.

नंबर नाही लागला तर? अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार, आदिवासींना स्वयम, दोन्ही बाहेर खोली करून राहायला पैसे देणाऱ्या योजना, 2016-17 च्या. स्वाधारचे तेव्हा ठरलेले आकडे म्हणजे मुंबई-पुण्याला वर्षाला 60,000 आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000, त्यात जेवणाचे 25,000, राहण्याचे 12,000, बाकी 6,000 निर्वाहाचे. म्हणजे खोलीला महिन्याला हजार. हजारात कॉट कशी मिळते ते तुम्हीच शोधा, दोघं-तिघं मिळून घेतली तर जमतं. ओबीसी, भटक्यांसाठी नंतर सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तिचीही चौकशी करा.

आता कॉलेजचं होस्टेल आणि वसतिगृह दोन्ही मिळत असतील तर? माझं मत विचाराल तर बीए, बीएस्सी, बीकॉमवाल्याने डोळे झाकून वसतिगृह घ्यावं, पैसे वाचतात. इंजिनिअरिंगवाल्याने मात्र अंतर बघावं. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दहापर्यंत लॅबमध्ये बसलात की शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला रिक्षावाला सांगेल तो भाव. जळगावला विद्यापीठात शिकणार असाल तर तेच, विद्यापीठ गिरणेच्या पलीकडे बांभोरीकडे, वसतिगृह शहरात, रोज हायवेचा पूल ओलांडायचा.

फी बघायच्या आधी एकदा सकाळी सातला तिथे जा. नळाला पाणी आहे का, बाथरूमसमोर बादल्यांची रांग किती, एवढंच बघा. आणि मेसमधल्या पोराला हळूच विचारा की घरी गेलं तर खाडे कापतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, कॉलेजच्या मेसला हा प्रश्न फार महागाचा असतो. आमच्या मेसचं वरण एवढं पातळ की ताटाचा तळ दिसायचा, म्हणून गुरुवारी माय एसटीने डबा पाठवायची, कळण्याची भाकरी, ठेचा, कधी भरीत. कंडक्टरच्या हातून डबा घ्यायला स्टँडवर पाच पोरं माझ्यासोबत यायची, परत येईपर्यंत डबा हलका झालेला असायचा.