फोटोडायनॅमिक उपचार (त्वचेच्या वरच्या थरातील गाठींसाठी)

औषधी मलम आणि ठरावीक रंगाचा प्रकाश यांच्या जोडीने त्वचेतील रोगट पेशी मारण्याची पद्धत. वरवरचा बेसल सेल कर्करोग (त्वचेच्या बाह्य थराच्या तळच्या पेशींचा, सहसा सावकाश वाढणारा), बोवेनचा आजार (बाह्य थरापुरताच राहिलेला त्वचेचा कर्करोग) आणि उन्हाने उठणारे कर्करोगपूर्व खरखरीत चट्टे यांवर ती वापरतात.

१९०० मध्ये म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने नोंदवले की ॲक्रिडीन रंगातले एकपेशीय जीव उजेड पडताच मरतात. मलमाची आजची रीत १९९० मध्ये कॅनडात पुढे आली. ॲमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल किंवा त्याचे मिथिल एस्टर लावले की पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य बनवतात. रोगट पेशींत ते अधिक साठते. एस्टरच्या बाबतीत सुमारे तीन तासांनी ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश टाकतात. त्यातून अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार होऊन पेशी मरतात. प्रकाश चालू असताना आग होते, कधी ती असह्यही होते. रुग्णाला हे आधीच सांगायला हवे. पॉर्फिरिया (शरीरात अशीच द्रव्ये साठण्याचा आजार) असलेल्यांना हा उपचार देत नाहीत.

खरा प्रश्न खोलीचा आहे. दोन मिलिमीटरपेक्षा जाड गाठीत औषध आणि प्रकाश पुरेसे पोचत नाहीत. धोतराच्या घट्ट गाठीने कंबरेवर होणारा कर्करोग खानोलकर आणि सूर्याबाई या संशोधकांनी १९४५ मध्ये नोंदवला. परकराच्या नाडीखालीही तसाच कर्करोग होतो. सोलापूरच्या गावोगावी नाडीचा काळा वळ कुणाला नवा नाही, पण तिथली न भरणारी जखम हे या मलमाचे काम नव्हे. तो कर्करोग सहसा स्क्वॅमस (त्वचेच्या बाह्य थरातील चपट्या) पेशींचा असतो आणि आत शिरलेला असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. भारतीयांतील बेसल सेल कर्करोग बहुधा काळसर असतो. त्यातले रंगद्रव्य प्रकाश अडवते, शिवाय मेलॅनोमाशी (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या घातक कर्करोगाशी) गफलत होऊ शकते. म्हणून आधी गाठीचा तुकडा काढून तपासणे अटळ. सोलापूर शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लोकांच्या ‘सिव्हिल’मध्ये, त्वचारोग विभाग आहे.

युरोपात काही चट्ट्यांसाठी मलम लावून रुग्णाला दोन तास दिवसाच्या उजेडात बसवतात. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ही रीत सुचवू नये. दिव्याखालच्या उपचारानंतरही ती जागा सुमारे ४८ तास झाकावी लागते. शेतात राबणाऱ्याने तेवढी सुट्टी आधीच ठरवावी.

वरवरच्या बेसल सेल कर्करोगाला आठवड्याच्या अंतराने दोन बैठका देतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. व्रण कमी राहतो, मात्र गाठ परतण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असते.