एल्युसिसचे विधी आणि ऑर्फिक पंथ: प्रतीकवादी नाटकातील दोन निराळ्या खुणा

प्रतीकवादी नाटकांवर, म्हणजे वास्तवचित्रणापेक्षा सूचक प्रतिमांवर भर देणाऱ्या नाटकांवर, प्राचीन ग्रीक रहस्यविधींची, म्हणजे केवळ दीक्षितांसाठीच्या गुप्त धर्मविधींची, छाया आहे, असे सरसकट म्हटले जाते. मात्र या एका शब्दाखाली अथेन्सजवळच्या एल्युसिस गावचे विधी आणि पौराणिक गायक ऑर्फिअस याच्या नावाचा ऑर्फिक पंथ अशा दोन पुष्कळ निराळ्या परंपरा एकत्र कोंबल्या जातात. या सरमिसळीला फ्रेंच लेखक एद्वार शुरे याचा मोठा हातभार लागला. त्याच्या १८८९च्या 'महान दीक्षित' या ग्रंथात राम आणि कृष्ण यांच्याबरोबरच ऑर्फिअस आणि प्लेटोही एकाच गुप्त ज्ञानपरंपरेचे वारस ठरतात, आणि एल्युसिसचे वर्णन प्लेटोच्या प्रकरणात येते. अर्थात सगळा दोष शुरेचा नाही: एल्युसिसच्या मिरवणुकीत ज्याचा जयघोष होई, त्या इयाकोसला प्राचीन ग्रीकही ऑर्फिक कथांमधला देव डायोनिससच मानू लागले होते.

एल्युसिसचे वैशिष्ट्य असे की तेथील दीक्षा एका ठिकाणाशी बांधलेली होती. अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटर अंतर मिरवणुकीने कापून दीक्षार्थी तेथे पोहोचत, आणि हरवलेली मुलगी पर्सेफनी हिला शोधणाऱ्या डिमीटर देवीच्या कथेभोवती गुंफलेला विधी रात्री एका बंदिस्त सभागृहात होई. ग्रीक भाषा समजणाऱ्या स्त्रिया आणि गुलाम यांनाही प्रवेश होता, खुन्याला नव्हता; आत पाहिलेले बाहेर सांगणाऱ्याला मात्र मृत्युदंडाची भीती होती. दीक्षार्थीला 'मिस्तेस' म्हणत, आणि या शब्दाचा संबंध डोळे किंवा ओठ मिटण्याशी लावला जातो. पुढच्या पायरीवरचा 'एपोप्तेस' म्हणजे पाहणारा.

हे ध्यानात ठेवून बेल्जियन नाटककार मॉरिस मेटरलिंकचे १८९०चे 'आंधळे' हे नाटक वाचावे. एका बेटावरच्या जंगलात बारा आंधळी माणसे त्यांना घेऊन आलेल्या वृद्ध धर्मगुरूची वाट पाहत बसलेली आहेत, आणि तो त्यांच्यामध्येच मरून पडला आहे, हे त्यांना फार उशिरा कळते. अंधार आहे, वाटचाल झाली आहे, पण दाखवणारा मेला आहे आणि पाहणारे कोणी नाही. डोळस आहे ते फक्त एक तान्हे मूल, आणि ते रडू लागते. मेटरलिंकने एल्युसिसचे नाव घेतलेले नाही, त्यामुळे हे माझे वाचन आहे, पुरावा नव्हे. तरीही उलटा फिरवलेला दीक्षाविधी म्हणून हे नाटक जितके उलगडते, तितके केवळ मृत्यूचे रूपक म्हणून उलगडत नाही.

ऑर्फिक पंथाला असे एकच तीर्थस्थान नव्हते. त्याचा आधार ग्रंथ, भटके पुरोहित आणि मृतांबरोबर पुरलेले सोन्याचे पत्रे हा होता. त्यांपैकी काही पत्र्यांवर आत्म्याला स्मृतीच्या तळ्याचे पाणी माग, असे सांगितलेले आढळते. या पंथाशी जोडल्या जाणाऱ्या कथेत टायटन नावाचे आदिम दैत्य बाल डायोनिससला फाडून खातात आणि अथीना देवी त्याचे हृदय वाचवते. म्हणून नाटकात केवळ ऑर्फिअससारखा पाताळप्रवास दिसला की ऑर्फिक म्हणणे घाईचे ठरते. शोधायचा तो विदीर्ण देव.

आयरिश कवी-नाटककार डब्ल्यू. बी. येट्सच्या 'पुनरुत्थान' या उत्तरकालीन नाटकात तो उघड सापडतो. आरंभीच्या गीतात कुमारी मृत डायोनिससच्या कुशीतून हृदय उपटून घेते, रस्त्यावर त्याचे भक्त नाचत असतात, आणि ख्रिस्त म्हणजे निव्वळ छाया असे मानणारा ग्रीक त्याच्या कुशीला हात लावतो, तेव्हा त्याच्या बोटांना धडधडणारे हृदय लागते.