शाडू सुकते, पीओपी जमतं: भौतिक बदल कुठला, रासायनिक कुठला?

पेणहून ठाण्यात आलेल्या दोन गणेशमूर्ती, एक शाडूची आणि एक पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची), रंगकाम झाल्यावर शेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळत नाही. घडवतानाही वरवर सारखंच दिसतं: भुकटी, पाणी, साचा, मग कडक होणं. पण शाडूत होतो तो भौतिक बदल, पीओपीत रासायनिक.

मुलं बहुधा एकच खूण पाठ करतात: मूळ रूपात परत येतं ते भौतिक, येत नाही ते रासायनिक. ही खूण इथे दगा देते. जमलेलं पीओपी म्हणजे जिप्सम, पाणी बांधून घेतलेलं कॅल्शियम सल्फेट. ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून दळलं की पुन्हा पीओपी मिळतं, तरी बदल रासायनिकच. उलट फाडलेला कागद पुन्हा अखंड होत नाही, तरी तो कागदच राहतो. म्हणून विचारायचं एवढंच: नवा पदार्थ तयार झाला का?

याचं उत्तर स्वयंपाकघरातला वजनकाटा देतो. १०० ग्रॅम कोरडी शाडू पाण्यात मळा. दुसरीकडे ६० ते ७० मिली पाण्यात १०० ग्रॅम पीओपी भुरभुरत सोडा. भुकटीवर पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्यांच्या पोटात कोरडं पीओपी राहतं. थोड्याच वेळात मिश्रण घट्ट होतं, भांडं गरम लागतं. (हात त्यात रुतवून ठेवू नका, भाजतं.) शाडू गारच राहते. आता दोन्ही गोळे वजन उतरायचं थांबेपर्यंत पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत बरेच दिवस लागतील, पण घाईने ओव्हनमध्ये घालू नका. जिप्सममध्ये बांधलेलं पाणीही सुटू लागतं.

शेवटी शाडू पुन्हा १०० ग्रॅमच्या आसपास येते. पीओपी शुद्ध असेल तर सुमारे ११८ ग्रॅम भरतं. वाढलेलं वजन पाण्याचं; ते जिप्समच्या स्फटिकाचाच भाग झालं. उरलेलं पाणी मात्र नुसतं वाफ होऊन उडालं. म्हणजे पीओपीच्या एकाच गोळ्यात आधी रासायनिक बदल झाला, मग भौतिक.

बिघाडही याच फरकातून येतात. पीओपीचं पोतं उघडं राहिलं की ओलाव्याने भुकटीचा काही भाग पोत्यातच जिप्सम होतो. असा माल नीट जमत नाही, उन्हात वाळवूनही सुधारत नाही. शाडू भिजली तर वाळवा, कुटा, वापरा. तिला भीती तड्यांची: कडक उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो. सावलीत हळू सुकवा, जाडी सारखी ठेवा. हीच माती भट्टीत भाजली की मात्र बदल रासायनिक होतो, म्हणून माठाचा पुन्हा चिखल होत नाही.

विसर्जनात फरक उघडच दिसतो. शाडूचा चिखल होतो. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम २ ते २.५ ग्रॅम विरघळतं, त्यामुळे २ किलोच्या मूर्तीला ८०० लिटर तरी पाणी हवं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय रासायनिक आहे: मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून मूर्ती त्यात बुडवायची. बुडबुडे येतात, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. अमोनियाचा उग्र वास येतो, तेव्हा बादली गच्चीत किंवा अंगणात ठेवा आणि अधूनमधून ढवळा. साधारण ४८ तासांनी वरचं पाणी निथळून घ्या. अमोनियम सल्फेट हे खत आहे, भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं.