ब्रेक्झिटचा वैताग

ब्रेक्झिटचा वैताग : युनायटेड किंगडमने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं ठरवलं आणि त्या बाहेर पडण्याच्या वाटाघाटी जसजशा लांबत गेल्या तसतशी तिथल्या लोकांमध्ये जी चीड, कंटाळा आणि हतबलता साठत गेली तिला इंग्रजी पेपरवाले ‘ब्रेक्झिट फटीग’ म्हणायला लागले. फटीगचा शब्दशः अर्थ थकवा, पण मराठीत वैताग हाच शब्द जास्त बरोबर बसतो, कारण हे लोक थकून गप्प बसलेले नव्हते, रस्त्यावर उतरत होते, सह्या करत होते, मतपत्रिकेवर राग लिहून येत होते. याचा काळ नक्की कुठून धरायचा यावर एकमत नाही. काही जण जून २०१६ च्या सार्वमतानंतर लगेच धरतात, काही जण जुलै २०१८ च्या चेकर्स बैठकीपासून, म्हणजे पंतप्रधानांच्या चेकर्स या गावाकडच्या बंगल्यावर झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीपासून. शेवट मात्र बहुतेक सगळे १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीशी आणून सोडतात आणि ते साधारण पटण्यासारखं आहे.

आधी शब्दाचं बघू. ब्रेक्झिट हा शब्द पीटर वाइल्डिंग यांनी मे २०१२ मध्ये एका लेखात वापरला, आणि ऑक्सफर्डच्या कोशाने हाच सगळ्यात जुना वापर म्हणून मान्य केलाय. पण साचा त्यांचा नाही. ग्रीस युरो सोडणार का अशी चर्चा होती तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये सिटीग्रुपच्या अर्थतज्ज्ञांनी ‘ग्रेक्झिट’ हा शब्द काढला होता, त्यावरून हा आला. त्याच वर्षी ‘ब्रिक्झिट’ असं रूपही छापून येत होतं आणि कुठलं टिकेल हे तेव्हा सांगता आलं नसतं. २०१६ मध्ये कॉलिन्स कोशाने ब्रेक्झिटला वर्षाचा शब्द ठरवलं. ‘ब्रेक्झिट फटीग’ हे जोडनाव मात्र कुणा एकाचं मानता येत नाही, ते पत्रकारांच्या लिखाणात हळूहळू रुळत गेलेलं दिसतं.

वैतागाचं मूळ शोधताना बरेच लोक थेट राजकारण्यांच्या स्वभावावर जातात, पण त्याआधी कलम ५०, म्हणजे युनियनमधून बाहेर पडण्याचं कलम, समजून घ्यायला पाहिजे, कारण मुदतीचं घड्याळ तिथून आलं. युरोपियन युनियनच्या सुरुवातीच्या करारांत बाहेर पडायची वाट लिहिलेलीच नव्हती. १९५७ च्या रोम करारात नाही, १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात नाही. मग तोपर्यंत कुणाला बाहेर पडताच आलं नसतं का, यावर कायदेपंडितांत जुना वाद आहे. एका पक्षाचं म्हणणं असं की करार कायमचा होता आणि सगळ्यांच्या संमतीशिवाय कुणी सुटू शकत नव्हतं, दुसरा पक्ष आंतरराष्ट्रीय करारांचे नियम सांगणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराकडे बोट दाखवतो आणि सार्वभौम देशाला कुणी कोंडून ठेवू शकत नाही म्हणतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९३ च्या मास्ट्रिक्ट निकालात दुसऱ्या बाजूला झुकणारं मत दिलं होतं आणि आज त्याच बाजूला जास्त वजन दिसतं. प्रत्यक्ष उदाहरण एकच सांगतात, ग्रीनलंडचं, पण ग्रीनलंड हा स्वतंत्र सदस्य देश नव्हता, डेन्मार्कचा स्वायत्त भाग होता. तिथं १९८२ ला सार्वमत झालं, मासेमारीच्या हक्कांवर चर्चा चालली आणि १ फेब्रुवारी १९८५ ला तो बाहेर पडला. पन्नासएक हजार लोकवस्ती आणि मुख्य विषय मासे, तरी तीन वर्षं गेली.

बाहेर पडायचं कलम पहिल्यांदा लिहिलं गेलं ते २००२-०३ च्या युरोपियन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे युनियनसाठी राज्यघटना लिहायला बसवलेल्या सभेत. व्हॅलेरी जिस्कार देस्तँ अध्यक्ष होते आणि सरचिटणीस होते जॉन केर, ब्रिटनचे माजी राजदूत. मसुदा मुख्यतः केर यांच्या हातचा असं मानलं जातं आणि ते स्वतःही तसं सांगतात. त्यांच्या मनात तेव्हा ब्रिटन नव्हतं, एखाद्या सदस्य देशात लोकशाही उलथली, युनियनने त्याचे हक्क गोठवले आणि तो देश चिडून निघाला तर काय, असा प्रसंग होता असं त्यांनी नंतर सांगितलंय. ती राज्यघटना २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या सार्वमतांत पडली, पण हे कलम लिस्बन करारात जवळपास तसंच आलं आणि १ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. त्यात पाच छोटी पोटकलमं आहेत, आणि वैतागाच्या दृष्टीने महत्त्वाचं तिसरं : नोटीस दिल्यापासून दोन वर्षांत करार झाला नाही तर देश कराराविनाच बाहेर पडतो, मुदत वाढवायची तर बाकीच्या सगळ्या देशांनी एकमताने हो म्हटलं पाहिजे. म्हणजे जाणाऱ्यावर काळाचा दबाव आणि मुदतवाढ राहणाऱ्यांच्या हातात. दिलेली नोटीस एकतर्फी मागे घेता येते का हे तर १० डिसेंबर २०१८ पर्यंत नक्की नव्हतं, त्या दिवशी युरोपियन न्यायालयाने येते असं सांगितलं, तोवर दीड वर्षाच्या वर वेळ निघून गेला होता.

सार्वमताचे आकडे वाचकांना माहीत असतीलच, २३ जून २०१६, बाहेर पडा ५१.९ टक्के, राहा ४८.१ टक्के, मतदान ७२.२ टक्के. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के राहण्याच्या बाजूने दिले. मतपत्रिकेवर प्रश्न फक्त राहायचं की निघायचं एवढाच होता, निघून कुठे जायचं हा नव्हता, आणि पुढचा सगळा घोळ या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची नोटीस दिली आणि लगेच एप्रिलमध्ये मध्यावधी निवडणूक जाहीर केली. ब्रिस्टलमध्ये बीबीसीने रस्त्यात गाठलेल्या एका बाईंची, आणखी एक निवडणूक, आता पुरे, अशा अर्थाची प्रतिक्रिया देशभर फिरली, आणि वैतागाची सुरुवात इथून धरणाराही एक गट आहे. ८ जूनच्या निकालात मे यांचं बहुमत गेलं आणि सरकार उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांवर टेकलं. १९ जूनला ब्रुसेल्समध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, समोर युनियनचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए. क्रम युनियनने ठरवला, आधी नागरिकांचे हक्क, हिशोबाचे पैसे आणि आयर्लंडची सीमा, मग व्यापार. ब्रिटनचे ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस या क्रमावरून उन्हाळाभर भांडण होईल म्हणाले होते, प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी मान्य केला. पैशाचा आकडा साधारण ३९ अब्ज पौंड सांगितला गेला आणि पेपरांत त्याला घटस्फोटाचं बिल हेच नाव पडलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण लोकप्रिय समजूत वेगळी आहे. ब्रुसेल्सने ताटकळत ठेवलं म्हणून लोक वैतागले असं बऱ्याचदा लिहिलं जातं, पण तारखा बघितल्या तर ब्रुसेल्सची वाटाघाट मोडली नाही. ५८५ पानांचा करार १४ नोव्हेंबर २०१८ ला तयार होता आणि २५ नोव्हेंबरला बाकीच्या २७ देशांनी मान्यही केला. अडलं ते लंडनमध्ये. खरी वाटाघाट सत्ताधारी पक्षाच्या आतच चालली होती आणि ती लोकांच्या डोळ्यांसमोर चालली होती, चेकर्सच्या बैठकीनंतर डेव्हिस आणि परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन राजीनामा देऊन गेले, करार आल्यावर डेव्हिस यांच्या जागी आलेले डॉमिनिक राब गेले. त्यामुळे या नोंदीत भर संसदेवर दिलाय.

११ डिसेंबर २०१८ चं मतदान मे यांनी आदल्या दिवशी पुढे ढकललं. मग १५ जानेवारी २०१९ ला करार ४३२ विरुद्ध २०२ असा पडला, आधुनिक काळात कुठल्याही ब्रिटिश सरकारचा हा सगळ्यात मोठा पराभव. १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२. १८ मार्चला सभापती जॉन बर्को यांनी तोच ठराव त्याच अधिवेशनात परत आणता येणार नाही असं सांगितलं आणि त्यासाठी १६०४ पासूनचा संकेत काढला, आर्स्किन मे यांच्या संसदीय कामकाजाच्या जुन्या ग्रंथातून. २७ मार्चला खासदारांनी आठ पर्यायांवर मतं दिली, एकालाही बहुमत नाही. १ एप्रिलला परत चार पर्याय, परत तेच. मधे २९ मार्च, म्हणजे मूळ बाहेर पडायचा दिवस, त्या दिवशी करार तिसऱ्यांदा ३४४ विरुद्ध २८६ पडला आणि बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये संडरलंडहून चालत निघालेल्या मोर्चाचे लोक उभे होते, आज आपण सुटणार होतो म्हणत. ज्यांनी तळ्यात-मळ्यात खेळलंय त्यांना हा सगळा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वैताग दोन्ही बाजूंना होता आणि दोघांचा वैताग एकमेकांच्या उलटा होता, हा या विषयाचा गाभा. निघायचं म्हणणाऱ्याला वाटत होतं मत देऊन तीन वर्षं झाली तरी आमचं ऐकत नाहीत, राहायचं म्हणणाऱ्याला वाटत होतं चूक समोर दिसत असूनही कुणी थांबत नाही. २३ मार्च २०१९ च्या लंडनच्या मोर्चाला दहा लाख लोक आले असा आयोजकांचा दावा, तो आकडा जपून घ्यावा, पण नोटीस मागे घ्या या संसदेच्या वेबसाइटवरच्या अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या हे नक्की, साइट मधे बंद पडली होती. जॉन कर्टिस यांच्यासारख्या निवडणूक अभ्यासकांनी दाखवलंय की या सगळ्या काळात लोकांनी बाजू फारशा बदलल्या नाहीत, बदललं ते सरकारच्या हाताळणीबद्दलचं मत, ते दोन्हीकडे वाईट होत गेलं. म्हणून फटीग हा एकच शब्द वापरणं थोडं फसवं आहे, त्यात एकमत नसतानाही एकमताचा भास होतो. मे यांचंही तेच झालं, २० मार्चच्या भाषणात त्यांनी तुम्ही या भांडणांना कंटाळलात, मी तुमच्या बाजूने आहे असं जनतेला सांगितलं आणि दोष खासदारांवर टाकला. ज्यांची मतं हवी होती तेच खासदार त्यामुळे आणखी दुखावले.

संसदेचा अभ्यास करणाऱ्या हॅन्सर्ड सोसायटी या संस्थेच्या एप्रिल २०१९ च्या अहवालात ५४ टक्के लोकांनी नियम मोडायची तयारी असलेला खंबीर नेता हवा असं म्हटलं. लोकशाहीच्या अभ्यासकांना हा आकडा त्या वेळी फार टोचला, आणि टोचायलाच हवा होता. मे महिन्याच्या स्थानिक निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या १३०० च्या वर जागा गेल्या, तीन आठवड्यांनी युरोपियन संसदेच्या निवडणुकीत नवा ब्रेक्झिट पक्ष २९ जागा घेऊन पहिला आला आणि सत्ताधारी पक्ष पाचवा.

रोजच्या जगण्यात हे कसं उतरलं याच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. ७ जानेवारी २०१९ ला केंटमधल्या मॅन्स्टन विमानतळावर, कराराविना बाहेर पडलो तर बंदरावर अडकणारे ट्रक उभे करायची रंगीत तालीम झाली, ८९ ट्रक आले. जहाज नसलेल्या एका कंपनीला फेरीबोटी चालवण्यासाठी १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट दिलं गेलं, ते फेब्रुवारीत रद्द झालं. मुदत वाढून बाहेर पडायचा नवा दिवस ठरला होता ३१ ऑक्टोबर २०१९, त्या तारखेची ५० पेन्सची नाणी पाडली आणि मुदत परत वाढल्यावर सुमारे १० लाख नाणी वितळवली. त्याच ऑक्टोबरमध्ये स्काय न्यूजने संध्याकाळी पाच तास ब्रेक्झिटची एकही बातमी नसलेलं चॅनल सुरू केलं.

आयर्लंडच्या बाजूची गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे. जून २०१७ पासून तिथले पंतप्रधान लिओ वराडकर होते, वडिलांकडून मूळ मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आयर्लंड बेटावरच्या साधारण ५०० किलोमीटर सीमेवर २०० हून जास्त रस्ते आहेत आणि उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथले लष्करी नाके उठले होते. ते परत येऊ नयेत म्हणून जी हमी करारात घातली ती ‘बॅकस्टॉप’, आणि मे यांचा करार मुख्यतः तिच्यावरच आपटला. लंडनच्या काही पेपरांनी वराडकरांना आडमुठे ठरवलं, पण त्यांची भूमिका पहिल्यापासून एकच होती. १० ऑक्टोबर २०१९ ला इंग्लंडमधल्या विरलमध्ये वराडकर आणि मे यांच्या जागी आलेले नवे पंतप्रधान जॉन्सन भेटले, आठवड्यात नवा करार झाला, सीमा बेटावरून उठून आयरिश समुद्रात गेली, म्हणजे मालाची तपासणी ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये आली. वराडकर त्या वर्षाच्या डिसेंबर अखेरीला वराडला येऊन गेले.

गोव्याचा संबंध वेगळा आणि जास्त दुखरा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार स्विंडन, साउथॉल भागात कामाला गेले. सार्वमतात मतदानाचा हक्क ब्रिटिश, आयरिश आणि तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना होता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथं राहणाऱ्याला मत होतं आणि त्याच्याच वाड्यावरून पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्याला नव्हतं, जरी निकालाने आयुष्य दुसऱ्याचं हलणार होतं. वाटाघाटी चालू असताना आपण इथं राहू शकू का हे या लोकांना दीड-दोन वर्षं नीट कळत नव्हतं. राहण्याच्या अर्जाला ६५ पौंड फी लावली होती, ती जानेवारी २०१९ मध्ये रद्द केली, अर्जाची शेवटची तारीख ३० जून २०२१ होती. वैतागाची चर्चा होते तेव्हा मतदारांचा वैताग मोजला जातो, ज्यांना मतच नव्हतं त्यांचा क्वचितच.

जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला काहीही झालं तरी बाहेर असं जाहीर केलं होतं. संसद पाच आठवडे स्थगित केली, २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती बेकायदा ठरवली. मुदत परत वाढली, ३१ जानेवारी २०२० पर्यंत. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांची घोषणा तीन शब्दांची होती, अर्थ : ब्रेक्झिट एकदाचं उरकून टाका. पक्षाला ३६५ जागा, ८० चं बहुमत, आणि १९५० पासून मजूर पक्षाकडेच असलेला बोलसोव्हरसारखा खाणकामगारांचा मतदारसंघही गेला. उरकून टाका हे वाक्य दोन्ही बाजूंच्या थकलेल्या माणसाला बोलावत होतं, जिंकण्याचं कारण मुख्यतः तेच असं बहुतेकांचं मत आहे, विरोधी नेत्याबद्दलची नाराजीही तेवढीच धरावी असं काही जण म्हणतात.

३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं. व्यापार करार २४ डिसेंबर २०२० ला झाला, तेव्हा देश कोव्हिडमध्ये होता. उत्तर आयर्लंडच्या सीमेचं भिजत घोंगडं मात्र फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क या ब्रिटन आणि युनियनमधल्या समझोत्यापर्यंत तसंच राहिलं.